फॉरमॅटच्या बिलावर ‘काय काढलं’ तेही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवार पेठेत माझं डीटीपीचं आणि अर्ज टाइप करून देण्याचं छोटं दुकान आहे. गेल्या महिन्यात जुना कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला म्हणून शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे फॉरमॅटला, म्हणजे विंडोज नव्याने टाकायला, दिला. पाचशे रुपये घेतले आणि दोन तासांत मशीन परत दिलं. ‘ताई, आता बघा कसं पळतंय!’ आणि खरंच पळत होतं.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा तालुक्यातले एक आजोबा वारस नोंदीचा अर्ज घेऊन आले. वकिलांनी दिलेला मजकूर पेन ड्राइव्हमध्ये होता. फाइल उघडली तर ओळीच्या ओळी नुसते चौकोन. त्यांच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव, सगळीकडे चौकोन. आजोबा मागे उभे राहून बघत होते. ‘कागद खराब झाला का वो?’ त्यांनी विचारलं. त्यांची एसटी चुकू नये म्हणून मोबाइलवर फाइल उघडून शेवटी सगळा अर्ज मी हाताने लिहून दिला.

संध्याकाळी पॉलिटेक्निकला असलेला माझा भाचा येऊन बसला. युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणारी प्रमाण पद्धतीची मराठी अक्षरं, दाखवणारा ‘निर्मला यूआय’ फॉन्ट विंडोजबरोबरच येतो. तो माझ्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरमध्ये नव्हताच. ‘मंगल’ हा दुसरा मराठी फॉन्ट विंडोज १० मध्ये वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि तो येतो विंडोज अपडेटमधून. अपडेटचं पानच उघडेना. घरच्या लॅपटॉपवरून फॉन्ट आणून टाकला तेव्हा अक्षरं दिसू लागली. मला वाटलं, सुटलो.

मग प्रिंटर जोडायला गेलो, तर तो जोडला जाईना. भाच्याने ‘सर्व्हिसेस’ची, म्हणजे विंडोजच्या मागे चालणाऱ्या सेवांची, यादी उघडली आणि वरून खाली बोट फिरवत गेला. प्रिंटचं काम रांगेत लावणारी ‘प्रिंट स्पूलर’ सेवा बंद असती तर चालू केली असती. इथे यादीत तिचं नावच नव्हतं. विंडोज अपडेटचंही नव्हतं. व्हायरसपासून राखणारं ‘डिफेंडर’ गायब. फॉन्टसारखी ही फाइलसुद्धा आणून टाकू, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, ‘मावशी, फॉन्ट एकटा चालतो. सेवेला तिच्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, नोंदी आणि सोबतच्या फाइल्स लागतात.’ विंडोजची दुरुस्ती करणाऱ्या ‘एसएफसी’ आणि ‘डिझम’ या आज्ञाही त्याने देऊन बघितल्या. पहिलीला बिघाड सापडला पण दुरुस्त करता आला नाही, दुसरी म्हणाली मूळ फाइल्सच सापडत नाहीत. विंडोज आपल्या भागांचा साठा स्वतःजवळ ठेवतं आणि दुरुस्तीला त्यातून घेतं. जागा वाचवायला तो साठाच छाटला होता. कुणीतरी कापून-छाटून बनवलेलं हे ‘लाइट’ विंडोज माझ्या मशीनमध्ये भरलं होतं आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

आता हे लिहायची घाई का, तर विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. त्यामुळे कोल्हापुरात माझ्यासारखे किती तरी छोटे व्यावसायिक जुनी मशीन घेऊन दुरुस्तीवाल्याच्या दारात जाणार. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे जादा अपडेट देऊ केलेत, पण ज्या मशीनमधून अपडेटच काढून टाकलंय, त्याला ते मिळणार कसे? आमच्या मशीनमध्ये लोकांची आधार कार्डं, सातबारे, बँकेची पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात. ती माझी नाहीत. लोकांनी विश्वासाने दिलेली आहेत.

सगळ्यात वाईट याचं वाटलं की हे करायची गरजच नव्हती. विंडोज ८ च्या काळापासून विंडोजसकट विकल्या गेलेल्या कंपनीच्या मशीनमध्ये लायसन्सची किल्ली बहुतेक वेळा मदरबोर्डवरच साठवलेली असते. माझ्यातही होती. भाच्याने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मूळ विंडोज घेतलं, माझा डेटा आधी बाहेर काढला आणि सगळं नव्याने बसवलं. किल्ली न मागता ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. जुन्या मशीनला विंडोज झेपतच नसेल तर विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट आहे, मराठीही नीट चालतं. तेही बसवा, पण सांगून बसवा.

शहरातल्या दुरुस्ती व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे. बिलावर नुसतं ‘फॉरमॅट – ५०० रु.’ लिहू नका. कुठलं विंडोज टाकलं, मूळ की छाटलेलं, आणि छाटलेलं असेल तर त्यातून काय काढलं, हे मराठीत लिहून द्या. गिऱ्हाइकांनीही मशीन ताब्यात घेण्याआधी तिथंच उभं राहून तीन गोष्टी करून बघाव्यात: मराठीत एक ओळ टाइप करावी, एक प्रिंट काढावी आणि अपडेटचं पान उघडावं.

कळावे,
एक डीटीपी व्यावसायिक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर