गुलालातलं रक्त आणि वरचा फोन

महोदय,

रविवारच्या पुरवणीतली रहस्यकथा वाचली. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत खून, आणि 'उत्सव संपायच्या आत आरोपी हवा' असा वरून फोन. फोनचं अगदी खरं उतरलंय. असे फोन ठाणे अंमलदाराच्या टेबलावर वाजताना मी ऐकलेत. बोलणारा हुकूम कधीच देत नाही. 'साहेब, मंडळातली पोरं आपलीच आहेत' एवढंच म्हणतो. पुढचं ज्याचं त्याने समजायचं.

पण लक्ष्मी रस्त्याच्या टोकाला असलेल्या अलका चौकातल्या रक्ताच्या डागावरून तासाभरात छडा लागतो, तिथे मात्र हसू आलं. मानाचा पहिला कसबा गणपती सकाळी मंडईतून निघाला की लक्ष्मी रस्ता २४ तासांहून जास्त वेळ माणसांनी फुललेला. गुलालात रक्त वेगळं दिसणार कसं? मागचं ढोलपथक डाग तुडवत केव्हाच पुढे गेलेलं असतं. ढोल-ताशात किंकाळी शेजारच्यालाही ऐकू जात नाही. आणि पंच म्हणून कुणाला धरावं, तर तो चप्पल तिथेच टाकून गर्दीत गडप!

शिवाय १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. कथेतले फौजदार चाकू खुशाल रुमालात गुंडाळून खिशात घालतात. असो, गोष्ट आहे.

बाकी, संशयित कार्यकर्ता निघाला की त्याचा चौकातला फ्लेक्स रातोरात उतरतो, हे लेखकाला कुणी सांगितलं?

– एक निवृत्त हवालदार, कसबा पेठ, पुणे