अण्णा, बारा इंचांतून सोडवल्याबद्दल

आदरणीय अण्णा,
सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं, ठेव आता" म्हणून कट करता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. माझ्यासारखा वूफरच्या, म्हणजे स्पीकरमधल्या खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या, इंचांत अडकलेला कुणी हे वाचत असेल तर त्याचंही काम होईल.

त्या दिवशी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या खोलीसाठी १२ इंची वूफरवाली स्पीकरची जोडी पक्की करूनच मी तुमच्याकडे आलो होतो. दुकानदार म्हणाला होता, बेस पाहिजे तर बाराच घ्या. ॲडव्हान्स तेवढा द्यायचा राहिला होता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलंत, "ऐकतोस काय?" खोली केवढी, ॲम्प किती वॉटचा, ते सगळं नंतर. मी म्हटलं, ख्याल, तबला, जुनी नाट्यगीतं, कधीतरी इंग्रजी बँड. "मग मिरवणुकीतला डॉल्बी घरात कशाला पायजे रं?"

जुन्या बिलाच्या पाठीवर तुम्ही केलेला हिशेब मी जपून ठेवलाय. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज, म्हणजे गवयाचा सा, १३९ हर्ट्झच्या आसपास, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यांत जाड तार ४१. म्हणजे स्पीकर चाळीसपर्यंत नीट उतरला की माझं सगळं ऐकणं त्यात आलं. मी तर विशीपर्यंत उतरायच्या गप्पा मारत होतो. एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी तुम्ही घरी आलात ते तुमची जुनी ८ इंची जोडी रिक्षात मांडीवर घेऊन. आईला वाटलं, मिक्सर दुरुस्तीला आलाय कोणी. आल्या आल्या स्वयंपाकघरातली दोन झाकणं मागून ओट्यावर शेजारी ठेवलीत, एक आठ इंचांचं, एक बाराचं. "इंच बघू नको, पसारा बघ." दीडपट व्यास म्हणजे सव्वादोनपट क्षेत्रफळ, आणि दोन आठचे मिळून जवळपास एक बारा. पण बाराला खोकंही तेवढंच मोठं लागतं. लहान खोक्यात कोंबला तर गाणं कुठलंही असो, तो एकच सूर घुमवत बसतो. शिवाय वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) एवढ्यावरच भागवायचं, तर वूफरचा एवढा मोठा पडदा वरचे सूर समोरच फेकतो. बाजूला बसलेल्याला गवयाचा गळा कांबळं पांघरल्यासारखा. ख्याल ऐकणाऱ्याला हा सौदा परवडणार नाही, हे मला तिथंच पटलं.

खरी गंमत खुर्चीची. टेपने खोली मोजलीत, १५ बाय १२, छत १०. म्हणालात, लांबीमुळे ३८ हर्ट्झच्या आसपास आणि रुंदीमुळे ४७ ला ही खोली स्वतःच गाते, म्हणजे तेवढे सूर घुमवते. तबला लावलात आणि मला भिंतीपाशी उभं केलंत. डग्गा नुसता ढम्म ढम्म. मग एकेक पाऊल पुढं यायला लावलंत. खोलीच्या मधोमध आलो तर घुमारा गेलाच, पण डग्ग्याचं पोटही गेलं, नुसती तबल्याच्या काठावरची चाट ऐकू यायला लागली. तुम्ही हसत होता. स्पीकर तोच, आवाज तेवढाच, माझी दहा पावलं! मागच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर थांबवलंत, खडूने खूण केलीत आणि म्हणालात, "हितं बस. उघड्यावर डॉल्बीला भिंती न्हाईत म्हणून एवढे मोठे वूफर लागत्यात. तुला भिंती फुकटात बेस द्यायल्यात."

तेव्हापासून खुर्ची तिथंच आहे. येता-जाता पाय अडखळतो म्हणून आई रोज तुमचं नाव काढते, ते काही फार प्रेमाने नाही.

शेवटी ८ इंचीच घेतले. उद्यमनगरातल्या सुताराकडून ४० लिटरची खोकी करून घेतली, १८ मिलीमीटर प्लायची. तरी एका बाजूला थोडं गुणगुणत होतं. तुम्ही पोर्टच्या, म्हणजे खोक्याला हवा यायला-जायला ठेवलेल्या, भोकात माझाच पायमोजा कोंबलात आणि ते थांबलं. बायको विचारते, दुसरा मोजा कुठं आहे. दोन्ही स्पीकरना एकेक घातलाय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

वाचलेल्या पैशांतून तुम्हाला काही देऊ केलं तर रागावलात. ठीक आहे. पण तुमचा मोजायचा टेप अजून माझ्याकडेच आहे, आणि तो मी आणून देणार नाही. रविवारी सकाळी या. चहा मांडतो, विलंबित लावतो, साडेपाच फुटांवरची खुर्ची तुमची. मी खाली सतरंजीवर बसेन.

तुमचा,
राजारामपुरीचा बारा इंचवाला