बेडूक, बोगदा आणि तुझी नोकरी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

मोठ्या पगाराची नोकरी चालून आलीय, इव्हेंट कॅमेऱ्याचं संशोधन सोडावं म्हणतेस, हा तुझा मेल आईला वाचून दाखवला. पगाराचा आकडा ऐकून ती गप्पच झाली. मला मात्र शेवटची ओळ खटकली: 'या विषयात आता काही राम नाही.'

इथे पाऊस लागून राहिलाय. परवा पडवीतल्या दिव्याखाली एक बेडूक बसला होता. किडा त्याच्या तोंडासमोर भिंतीला चिकटलेला, पण निपचित, बेडूकही ढिम्म. किड्याने पाय उचलला मात्र, जीभ सुटलीच! बेडकाचा डोळा अख्खं चित्र मेंदूकडे धाडत बसत नाही, कडा आणि हालचाल निवडून कळवतो, हे लेटविन आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी १९५९ साली दाखवलं. तुझा इव्हेंट कॅमेराही त्याच जातीचा. ज्या पिक्सेलवर उजेड बदलला तेवढाच बोलतो, तोही मायक्रोसेकंदांच्या हिशोबात. मागच्या खेपेला गाडी करबुडे बोगद्यातून बाहेर आली आणि माझ्या मोबाइलचा व्हिडिओ पांढराफटक झाला, आठवतं? उजेड किती यापेक्षा तो किती पटीने बदलला हे तुमचा कॅमेरा बघतो, म्हणून तो असा सहसा दिपत नाही. धावत्या रोबोटला हेच तर हवं.

'मेंदूसारखी दृष्टी' म्हणताना मात्र जरा हात आखडता घ्या. जमलंय ते नेत्रपटलाचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं, थोडंसं काम. आणि माझी एक शंका आहे. रोबोट उभा, समोरचा माणूसही उभा, उजेडही तोच, मग त्याला दिसणार काय? आपले डोळे एकटक बघतानाही बारीक हलत असतात, म्हणून आपलं भागतं.

राम नाही म्हणतेस, तर तारखा बघ. मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांचा सिलिकॉन नेत्रपटलावरचा, म्हणजे त्या पडद्याची नक्कल करणाऱ्या चिपवरचा, लेख १९९१ चा. झुरिकच्या १२८ × १२८ पिक्सेलच्या इव्हेंट कॅमेऱ्याचा शोधनिबंध २००८ चा. मधल्या काळात त्या चिपांशी कुणीतरी झटत होतंच ना? त्यांनाही कुणी मोठ्या पगाराचं विचारलं असेलच.

नोकरी घ्यायची तर खुशाल घे. कंटाळा आला म्हणून घे, पुण्यात घर हवं म्हणून घे. फक्त 'तुमच्यासाठी घेते' म्हणू नकोस. कलमांवरचं कर्ज फिटलंय, आणि आईच्या गुडघ्यांना तुझा पगार नाही, व्यायाम हवाय.

गणपतीचं आरक्षण उघडताच संपतं, तेव्हा तिकिटाचं तूच बघ. शंकेचं उत्तर फोनवर नको, नीट लिहून पाठव.

तुझे
बाबा