काकवीतली साखरही मोजा

माननीय संपादक,

गुऱ्हाळे पेटली की 'साखर सोडा, काकवी धरा' असे सल्ले सुरू होतात. काकवी जरूर खावी, चवीला तिच्यासारखी तीच. पण लोह मिळावे म्हणून किंवा मधुमेहात चालते म्हणून ती खाणाऱ्यांचा हिशेब चुकतो.

गुळासाठी रस साधारण 118 अंश सेल्सियसपर्यंत आटवतात. काकवी त्याआधीच, 105-106 अंशांना काहिलीतून काढतात. तेव्हा तिच्यात 25 ते 30 टक्के पाणी असते आणि बाकी जवळजवळ सगळी साखर. 15 मिलीचा मोठा चमचा म्हणजे सुमारे 20 ग्रॅम काकवी, त्यात 14 ग्रॅम साखर. मधुमेह्याच्या रक्तात ती साखरच म्हणून उतरते.

आता लोह. 100 ग्रॅम काकवीत 10 मिलिग्रॅम हा चढा आकडा धरला, तरी चमच्यातून 2 मिलिग्रॅम मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लागते. ते काकवीतूनच मिळवायचे तर 290 ग्रॅम खावी लागेल, म्हणजे 200 ग्रॅम साखर! जागतिक आरोग्य संघटना 2000 कॅलरींच्या आहारात अशा साखरेला 50 ग्रॅमची मर्यादा घालते. खरे तर काकवी जिला लावतो त्या बाजरीच्या भाकरीतच चमचाभर काकवीपेक्षा जास्त लोह असते.

काही जाहिराती 'ब्लॅकस्ट्रॅप मोलॅसिस'चे आकडे काकवीला चिकटवतात. ती साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरणारी मळी. साखर गेल्यामुळे तिच्यात खनिजे दाटतात. काकवीतून साखर काढलेली नसते.

घरी वापरताना 100 ग्रॅम साखरेच्या जागी 135 ग्रॅम काकवी घ्या आणि कृतीतले पाणी 35 मिलीने कमी करा. चहात घालायची तर गॅस बंद करून, शेवटी. उकळत्या दुधात घातली तर दूध फाटू शकते. तळाला दाणे बसले म्हणजे भेसळ झाली असे नाही. दाट काकवीत साखरेचे स्फटिक होतातच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात. फेस, आंबूस वास आणि झाकण उघडताना फुस्स आवाज आला, तर मात्र ती आंबली आहे, टाकून द्या. बहुधा रस कमी आटलेला असतो, नाहीतर ओला चमचा बुडालेला असतो.

उत्पादकांनी प्रत्येक बाटलीवर एकूण साखर आणि काकवी उतरवल्याची तारीख ठळक छापावी. 'शुगर फ्री' लिहिणाऱ्यांवर तर अन्न व औषध प्रशासनाने कारवाईच करावी. त्या दाव्याला 100 मिलीमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही.

- आहारशास्त्राचे अभ्यासक, कोल्हापूर