स्मरणसूचना: रविवारचे मनन व स्वलेखन

मंडळीतील सर्व सभासदांस सप्रेम सलाम. येत्या रविवारी उपासनेनंतर उपासनामंदिराच्या मागील खोलीत आपली मासिक मननसभा भरेल, याचे स्मरण असावे. या वेळी आपण लक्ष्मीबाई टिळकांविषयी बोलणार आहोत. लग्नानंतर ज्यांची अक्षरओळख झाली, त्या लक्ष्मीबाईंनी १९१९ साली पती रेव्हरंड टिळकांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरील महाकाव्य पुढे पूर्ण केले, आणि तेही संसाराचा सारा भार वाहत असताना. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ‘लिहायला सवड नाही’ असे आपल्यापैकी अनेकजण, विशेषतः भगिनी, नेहमी सांगतात.

म्हणून प्रत्येकाने या आठवड्यातील एखाद्या कामात देवाची आठवण कशी झाली, हे स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहून आणावे. ओवी, अभंग किंवा साधे गद्य, काहीही चालेल. मागच्या वेळी एका भगिनीने हिशेबाच्या वहीतले, पिठाचे बोट उमटलेले पान वाचले होते, त्यात भाकरी थापताना केलेली प्रार्थना होती. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, तरुण सभासद ते उतरवून घेतील. गीतांची पुस्तके सोबत आणावीत.

आपला नम्र,
चिटणीस