बाराव्या विहाराच्या पायथ्याहून

चि. बाई,
सप्रेम जयभीम.

फोन करता आला असता. पण पस्तीस वर्षं लोकांची टपाल वाटली, आता आपलं एखादं पत्र दुसऱ्या पोस्टमनच्या थैलीत पडावं अशी हौस होती. शिवाय इथं दरीत रेंज येत नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

शिकोकू बेटाच्या अठ्ठ्याऐंशी ठिकाणांच्या फेरीतला अकरावा ते बारावा टप्पा आज झाला. ओसाकाला तू नकाशा पसरून म्हणाली होतीस ना, ‘बाबा, हा एक दिवस बसने जा.’ गेलो नाही. आणि चढताना दर अर्ध्या तासाला तुझी आठवण काढली.

सकाळी साडेसहाला फुजिइदेराच्या, म्हणजे अकराव्याच्या, मुख्य दालनामागून पायवाट धरली. बारा किलोमीटर नऊशे मीटर. आकडा ऐकून हसलो होतो, माझी रोजची बीट त्याहून मोठी होती. पण नागपूरला डोंगर कुठं! इथं चाळीस मीटरवरून निघायचं, साडेसातशेपर्यंत चढायचं, मग खाली चारशेवर उतरायचं आणि पुन्हा सातशेवर. या वाटेला ‘हेन्रो कोरोगाशी’ म्हणतात, म्हणजे यात्रेकरूंना गडगडवणारी. कोण गडगडतं ते उतारावर कळलं.

वाट चुकत नाही, हे मात्र मानलं. फांद्यांना छोट्या पट्ट्या टांगलेल्या, मध्येच जुने दगड, त्यावर बोट दाखवणारा हात कोरलेला. अक्षर ओळखू येत नसलं तरी बोट कळतं. वाटेत तीन झोपडीवजा मठ लागतात. दुसऱ्याजवळ झऱ्याचं पाणी आहे. तिसऱ्याशी पायऱ्या चढून वर पाहिलं तर एवढा थोरला देवदार, आणि त्याच्यासमोर कूकाईचा, ज्याच्या नावानं ही फेरी चालते त्या भिक्षूचा, तेवढाच थोरला पुतळा. यात्रेकरूच्या अंगरख्याच्या पाठीवर ‘दोघे सोबती’ लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा हाच. इ.स. ७७४ ते ८३५ असा त्याचा काळ. बाकीचे हात जोडून काहीबाही मागत होते. मी नुसता उभा राहिलो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस मी, तुझ्या काकाला हे कळलं तर वर्षभर ऐकवेल. अठ्ठ्याऐंशी ठिकाणांना देवळं म्हणावं की विहार, हेही माझं अजून ठरत नाही. पण प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला लोक ‘किए बुत्सु, किए हो, किए सो’ म्हणतात ते आपलं त्रिसरणच, हे तू सांगितल्यापासून तेवढं मी त्यांच्यासोबत म्हणतो. पालीत.

आता मूळ गोष्ट.

त्या झाडापासून वाट सरळ खाली कोसळते. डाव्या पायाचा अंगठा बुटात पुढं जाऊन आपटत होता. दहाव्या मिनिटाला नख गेलं समजलो. खाली तीन-चार घरांची वस्ती आली. एका बांधावर बसून बूट सोडत होतो, तर एक म्हातारी समोर. कमरेत अशी वाकलेली की तिचं तोंड माझ्या गुडघ्याला लागेल. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात सहा-सात संत्री. ‘ओसेत्ताई,’ म्हणजे यात्रेकरूला द्यायची भेट, म्हणाली आणि पुढं केली.

माझा हात मागे गेला बघ. विचार करून नाही, आपोआप.

तुला आजीचं ठाऊक आहे. फुकटचं कोणाच्या हातून घ्यायचं नाही, मग तो गुळाचा खडा असो. तिच्या सासऱ्यांच्या काळात गावकीचं काम करून संध्याकाळी दारोदार भाकर मागावी लागे, ती वरून टाकली जाई. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सांगितलं की शिळे तुकडे सोडा. आपल्या घरानं ते सोडलं आणि ‘नको’ हा शब्द पोरांना दुधाबरोबर पाजला. मी पोस्टात लागल्यावर दिवाळीची बक्षिशी कधी घेतली नाही. लोकांना ताठा वाटे. वाटू दे.

तू पहिल्या दिवशीच बजावलं होतंस की इथं दिलेलं नाकारायचं नसतं. दोनदा नाकारलं मी, मान हलवून पुढं गेलो. आज पाय अडकला होता, पळता येईना.

पण बाई, ती देताना वाकली होती. कमरेत होतीच, त्याहून आणखी खाली. मी बांधावर बसलेला, पाय उघडा, नख काळं, आणि देणारी माझ्यापुढं हात जोडून. असं कधी पाहिलं नव्हतं. भाकर वरून पडते एवढंच आमच्या घराला माहीत.

घेतली. मग रिवाजाप्रमाणे नाव-पत्त्याची पांढरी चिठ्ठी द्यायची. पहिली फेरी करणाऱ्याची पांढरी, पन्नास फेऱ्या झालेल्याची सोनेरी. मी देवनागरीत लिहिली, पिन कोडसकट. तिनं ती कपाळाला लावली. कोणी माझा पत्ता कपाळाला लावेल, हे सर्व्हिसमध्ये कधी सुचलं नसतं.

संत्र्यात बी नाही, साल कागदासारखी. गोडीला बरं आहे, पण आपल्या आंबिया बहाराची आंबटगोडी नाही. हे तिला सांगितलं नाही.

शेवटचा चढ कसा चढलो ते विचारू नको. शोसानजीत, म्हणजे बाराव्यात, पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. तिथला बोधिसत्त्व कोकूझो, म्हणजे आपला आकाशगर्भ. तू वहीत देवनागरीत मंत्र लिहून दिलास, ‘नौबो आक्याशा क्यारबाया’. तीनदा म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला, ‘नमो आकाशगर्भाय’!

तिथून खाली एक लहान मठ आहे, एमोन साबुरोचा. श्रीमंत माणूस, दारी आलेल्या भिक्षूचं पात्र फोडलं. आठ तुकडे झाले, मग आठ मुलं गेली. माफी मागायला तो वीस वेळा हे बेट फिरला, भिक्षू भेटला नाही. एकविसाव्यांदा उलटा फिरला आणि इथं पडला, तेव्हा भेट झाली. त्यानं पात्र फोडलं आणि आम्ही पात्र पुढंच केलं नाही. दोन्ही सारखं नाही, हे मला माहीत आहे. तरी त्या मठापुढं जरा जास्त वेळ बसलो.

मुक्कामाच्या घरी दारातच मालकिणीनं माझ्या हातून काठी घेतली आणि तिचं टोक धुतलं. आधी काठीचे पाय, मग माणसाचे.

तर आता ऐक. ओसाकाच्या दुकानात तुझ्या हातून काढून मी फळीवर परत ठेवले ते बूट, माप सव्वीस. तो पोरगा म्हणत होता तसे अर्ध्या मापानं मोठे घे. पाच-सहा दिवसांत मी हिवासाला पोचेन, तेविसाव्याशी. तिथल्या पोस्टात माझ्या नावानं राखून ठेवायला सांग, ती सोय इथंही असते. तोवर चपलेवर चालतो. पैसे किती झाले ते विचारणार नाही.

चार संत्री उरली आहेत. एक उद्या सकाळी, चढाच्या आधी.

तुझा,
बाबा