महाडच्या दोन तारखा

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज वाचला, त्याला नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून सोडून देणं जमेना म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण पाठवलंस, सत्याग्रह-असहकार म्हणजे अराजकाचं व्याकरण वगैरे, आणि वर तुझी टीप की आता रस्त्यावर उतरणाऱ्यांनी गप घरी बसावं. अरे पण तिथेच ते म्हणतात ना की सनदशीर मार्ग शिल्लकच नव्हते तेव्हा अशा मार्गांचं समर्थन करता येत होतं, आता मार्ग खुले आहेत म्हणून सोडा. सगळा जोर त्या अटीवर आहे आणि तू नेमकी तीच गाळलीस!

आणि 20 मार्च 1927 ला महाडला कायदा मोडला असं वाटतं का तुला? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई विधिमंडळातला बोले ठराव 1923 चा, पाठोपाठ 1924 ला महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सगळ्यांना खुलं केलेलं. कागदावर सगळं ओके, फक्त अस्पृश्य माणसाने तिथे जाऊन ओंजळ भरायची सोय नव्हती. मग बाबासाहेबांच्या महाड परिषदेला जमलेले लोक रांगेने तळ्यावर गेले, पाणी प्यायले. तर हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि मांडवात जेवणाऱ्या माणसांवर काठ्या पडल्या, ताटातलं अन्न मातीत गेलं. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलटा हात उचलू दिला नाही. पुढे पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं शुद्ध केलं म्हणे. मला तर वाटतं लोकशाही ठराव पास झाला तेव्हा आली नव्हती, ती त्या रांगेत आली.

पण खरा अवघड पेपर त्याच वर्षीच्या डिसेंबरचा, तळ्यावर पुन्हा सत्याग्रह करायला लोक महाडला जमले तेव्हाचा. सनातन्यांनी तळ्यावर जायला कोर्टातून मनाई हुकूम आणलेला, इकडे हजारो लोक तुरुंगाच्या तयारीने आलेले, 25 तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळून झालेली, कलेक्टर मांडवात येऊन समजावून गेला तरी बहुतेकांचं मत सत्याग्रह करायचाच. आणि 27 ला बाबासाहेबच म्हणतात, थांबूया. सनातनी आणि सरकार दोघांशी एकदम भांडण नको, हे गणित. लोकांनी ऐकलं, तळ्याला फक्त मिरवणुकीने फेरी मारली.

आता तू म्हणशील बघ, सभेचं मत फिरवलं, नेताशाही. मलाही ते थोडं खुपतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी वरून फर्मान नाही काढलं, भर सभेत उभं राहून कारणं दिली आणि ज्यांची डोकी फुटणार होती त्यांच्याकडूनच होकार घेतला. आजचे किती नेते आंदोलन मागे घेताना एवढं करतात सांग, आपल्याला तर टीव्हीवरूनच कळतं.

तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 1937 ला. ती मधली दहा वर्षं कुणाच्या नावावर मांडायची, कोर्टाच्या, सनातन्यांच्या की थांबायचा निर्णय घेणाऱ्यांच्या, यावर माझं अजून ठरत नाहीये. दिवाळीला येशील तेव्हा भांडू.

तुझा,
बाळ्या